चोरावर मोर: अळंबीवर पोसलेली अळंबी

गवतफुला | १४ सप्टेंबर, रात्री ९.१२

शनिवारी माऊंट हूडच्या पायथ्याच्या जंगलात जाऊन आले. इथे अमेरिकेत, ओरेगनात उन्हाळा सरता सरता पहिला बरा पाऊस पडला की लोक टोपल्या घेऊन रानात शिरतात. मिरगाच्या पावसात आपल्याकडे चिंबोऱ्यांना जातात ना, तशीच लगबग. आमच्या गटात एक सत्तरीच्या आजी आहेत. अळंबीतलं त्यांना जेवढं कळतं त्याच्या पावपट मला कळायला लागलं तरी जन्म सार्थकी.

डग्लस फरच्या झाडांखाली सुयांचा जाड थर असतो. तो मधेमधे फुगून वर आला होता, खालून कुणी डोकं वर काढत असल्यासारखा. आजींनी एक फुगवटा हाताने बाजूला केला तर खाली पांढरी, जाडजूड, नरसाळ्यासारखी अळंबी. रसूला ब्रेव्हिपेस. "घेऊ नकोस, खडू खाल्ल्यासारखी लागते," म्हणाल्या. त्यातली एखादी तर जिभेला चुरचुरते.

तिथून दोन हातांवर दुसरा फुगवटा होता. तो उकरला तर आत भडक केशरी. उकडलेल्या चिंबोरीच्या पाठीचा जो रंग असतो ना, डिट्टो तो. आकार बेढब, छत्रीखालचे पडदे बुजून गेलेले, त्यांच्या जागी नुसते वळ उरलेले. वरून बोट फिरवलं तर रव्यासारखं खरखरीत लागलं. चाकूने कापली तर आत पांढरीशुभ्र आणि टणक.

आजी एकदम खूश. इकडे हिला लॉबस्टर मशरूम म्हणतात. मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात तिचं 'शेवंड अळंबी' असं बारसं उरकलं होतं.

तर गंमत अशी की शेवंड अळंबी नावाची वेगळी अळंबी नसतेच. ही तीच पांढरी रसूला. तिच्यावर हायपोमायसीस लॅक्टिफ्लुओरम नावाची दुसरी बुरशी चढते, तिचं अंग आतून-बाहेरून व्यापते आणि वरून हा केशरी अंगरखा चढवते. या बुरशीला स्वतःची छत्री उगवताच येत नाही. ते रव्यासारखे कण म्हणजे तिच्या बीजाणूंच्या बारीक कुप्या. रसूलाने एवढी छत्री उभारली स्वतःचे बीजाणू उधळायला, आणि उधळतेय कोण, तर ही!

आणि या भानगडीत चव सुधारते. पांढरी कुणी उचलत नाही, केशरी मात्र बाजारात चढ्या भावाने विकली जाते.

माझा प्रश्न साधा आहे. मी टोपलीतून काय आणलं? एक अळंबी की दोन? आणि अळंबीवर जगणाऱ्या अशा आणखी अळंब्या कुणाला माहीत आहेत का? फोटो जोडलेत.

---

इरसाल_कार्टं | १४ सप्टेंबर, रात्री ९.४०

फोटो दिसत नाहीत.

शीर्षक वाचून वाटलं नव्या आघाडीवर धागा आहे. पॉपकॉर्न घेऊन आलो होतो.

---

निवृत्त_मास्तर | १४ सप्टेंबर, रात्री १०.०५

उत्तम निरीक्षण. याला आपल्याकडे सरळ 'बांडगूळ' म्हणावे. आंब्यावरचे बांडगूळ आमच्या कोकणात प्रत्येक बागायतदाराच्या परिचयाचे आहे. नवा शब्द शोधण्याचे कारण नाही.

---

गवतफुला | १४ सप्टेंबर, रात्री १०.३१

मास्तर, शब्द मलाही आवडतो, पण थोडा अन्याय होतो. बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात. ते आंब्याकडून पाणी आणि क्षार चोरतं, पण साखर बरीचशी स्वतः तयार करतं, म्हणजे अर्धा चोर. ही केशरी बाई काहीच तयार करत नाही. तिला बांडगुळापेक्षा अमरवेल शोभेल.

आता यातला पेच पाहा. रसूला तरी कुठे स्वतःचं खाते? तिचे तंतू फरच्या मुळांना गुंडाळलेले असतात. ती झाडाला पाणी आणि क्षार आणून देते, झाड तिला साखर देतं. हा सौदा झाला, चोरी नव्हे. म्हणजे साखर बनवणारं झाड एकच. रसूला त्याची भागीदार, आणि भागीदाराच्या तिजोरीवर हायपोमायसीसचा डल्ला.

त्याच रानात मोनोट्रोपा नावाची एक पांढरीफटक वनस्पती आहे, हिरवा ठिपकाही नाही अंगावर. ती रसूलाच्याच कुळातल्या बुरशांच्या तंतूंना मुळं भिडवून झाडाची साखर ओढते. वरून बुरशी लुटते, खालून वनस्पती लुटते. बिचारी रसूला.

---

निवृत्त_मास्तर | १४ सप्टेंबर, रात्री १०.४४

अमरवेल मान्य. बांडगूळ मागे घेतो.

---

पाटलाचा_मळा | १५ सप्टेंबर, सकाळी ६.२०

ताई, तुमच्याकडं ही बुरशी चढली की भाव वाढतो, आमच्याकडं चढली की माणूस झोपतो.

मी सातारा जिल्ह्यात धिंगरी अळंबी करतो. मोठं काय नाही, एका शेडमध्ये दोनशे बेड. मागच्या साली ऑक्टोबरात गव्हाचं काड उकळताना सरपण कमी पडलं, म्हटलं चालतंय, आणि घाई केली. स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, भरलं, पांढरं जाळं झकास पसरायला लागलं. आठव्या-नवव्या दिवशी एका पिशवीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा. चार दिवसांत साठ पिशव्या हिरव्यागार. लांब नेऊन खड्ड्यात पुरल्या.

माहीतगाराला दाखवलं तर म्हणाला ट्रायकोडर्मा. मी म्हटलं कसं शक्य आहे, ट्रायकोडर्मा तर आपला दोस्त! त्याच आठवड्यात हरभऱ्याच्या बियाण्याला मर लागू नये म्हणून मीच ट्रायकोडर्मा चोळलं होतं. त्याच शेडमध्ये. त्याच घमेल्यात. आता सांगा, डोकं कुणावर आपटायचं?

---

इरसाल_कार्टं | १५ सप्टेंबर, सकाळी ८.०२

घमेल्यावर.

---

सूक्ष्मदर्शक | १५ सप्टेंबर, दुपारी १.१५

पाटीलदादा, घमेल्याला फाशी देण्याआधी थोडं ऐका. मी बुरशीवरच काम करते.

तुमच्या शेतातला दोस्त आणि शेडमधला चोर एकाच घराण्यातले, पण बहुधा सख्खे नव्हेत. धिंगरीवर हिरवी बुरशी आणणाऱ्या दोन खास जाती आहेत. त्यांची नावंच धिंगरीवरून, म्हणजे प्लुरोटसवरून पडलीत: ट्रायकोडर्मा प्लुरोटी आणि ट्रायकोडर्मा प्लुरोटिकोला. बटन अळंबीच्या कंपोस्टवर वेगळी जात येते, ट्रायकोडर्मा ॲग्रेसिव्हम. १९८५ च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधल्या अळंबीवाल्यांना तिने पहिल्यांदा रडवलं. आधी लोक तिला ट्रायकोडर्मा हार्झियानमच समजत होते, म्हणजे पाकिटात मिळते तीच. नंतर लक्षात आलं की ही वेगळी आहे. त्यामुळे तुमचं अर्धवट उकळलेलं काड मला जास्त संशयित वाटतं. काडावर ट्रायकोडर्माचे बीजाणू असतातच. तरीपण पाकीट आणि स्पॉन एका छपराखाली ठेवू नका. एवढी तरी सोयरीक तोडा.

आता हरभऱ्याच्या मुळाशी ती करते काय? १९३२ साली वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहून ठेवलं की ट्रायकोडर्माचा तंतू रायझोक्टोनिया या पिकांना रोग आणणाऱ्या बुरशीच्या तंतूकडे वाढत जातो आणि वेलीने काठीला विळखे घालावेत तसे त्याला विळखे घालतो. मग कायटिन आणि ग्लुकान विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडून भिंतीला भोकं पाडतो आणि आतला ऐवज पितो. बुरशीच्या भिंती कायटिनच्या असतात. गवतफुलाताई, तुमच्या खऱ्या शेवंडीचं कवचही कायटिनचंच, त्यामुळे बारसं भलतंच जमलंय.

विळखा घालताना समोरची बुरशी शेतकऱ्याची वैरीण आहे की शेतकऱ्याची रोजीरोटी, हे ट्रायकोडर्माला कोण सांगणार?

अवांतर, पण राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजायला लागले. ते खाणारी बुरशी निघाली ट्रायकोडर्माच, आज तिला रीसाय म्हणतात. कापूस खाण्याचं तिचं विकर आता कारखान्यात तयार करून जीन्स मऊ करायला वापरतात. बरीच वर्षं आम्ही समजत होतो की हे घराणं मुळात लाकूड-पालापाचोळा खाणारं आणि दुसऱ्या बुरशा खायला नंतर शिकलं. २०११ मध्ये तीन जातींचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले तर उलट चित्र दिसलं. आधी दुसऱ्या बुरशा खाणं, आणि त्या बुरशा ज्या लाकडात राहायच्या ते लाकूड खाणं नंतरचं. शिकारीच्या मागे मागे घरात शिरले आणि घरच खायला लागले.

---

पाटलाचा_मळा | १५ सप्टेंबर, दुपारी १.५०

मॅडम, लई भारी समजावलं. यंदा सरपण आधी रचून ठेवलंय. पाकीट घरात, देवघराच्या खाली.

---

द्राक्षबाग | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

निफाडहून नमस्कार. विषय अळंबीचा आहे, पण भुरीवरची बुरशी सांगितल्याशिवाय द्राक्षवाल्याला चैन पडणार नाही.

भुरी म्हणजे पानावर-मण्यांवर राख उधळल्यासारखी येते ती बुरशी. तिच्यावर ॲम्पेलोमायसीस क्विसक्वालिस नावाची बुरशी जगते. ही बाहेरून विळखा घालत नाही, भुरीच्या तंतूच्या आत शिरते आणि आतच आपल्या बीजाणूंची कुपी बांधते. चोराच्या घरात बिऱ्हाड! द्रावणात मिळते, आम्ही फवारतो. अनुभव असा की हवेत ओल असेल तर चांगली चालते, आणि आमची भुरी नेमकी कोरड्या थंडीत जोर धरते. शिवाय धीर सुटून कुणी बुरशीनाशक मारलं की हीही मरते. शेवटी तीही बुरशीच.

---

एडिसनचा_आत्या | १५ सप्टेंबर, रात्री ११.१०

नाव चुकलंय, मी आत्या आहे, पण आता बदलता येत नाही.

न्यू जर्सीत आमच्याकडे तुमची शेवंड फार दिसत नाही, पण 'कोळंबी' आहे! ऑक्टोबरात कुजक्या ओंडक्यांभोवती पांढऱ्या ओबडधोबड गोळ्या उगवतात, कणकेचा उंडा फेकून दिल्यासारख्या. कापल्या तर आत गुलाबी रेघा. इथले लोक त्यांना जंगलातली कोळंबी म्हणतात आणि चवीने खातात. आजूबाजूला दोन साध्या अळंब्या असतात. एक राखाडी एंटोलोमा अबॉर्टिव्हम आणि दुसरी मधाच्या रंगाची आर्मिलारिया.

ही आर्मिलारिया झाडांची मुळं कुजवणारी, नंबरी गुंड. म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं की तिनेच गरीब एंटोलोमावर हल्ला करून तिचा असा गोळा केला. एंटोलोमाच्या नावातलं 'अबॉर्टिव्हम' त्या गोळ्यांवरूनच, वाढ खुंटलेली, गर्भातच राहिलेली. २००१ मध्ये संशोधकांनी ते गोळे नीट तपासले, प्रयोगशाळेत दोघींना एकत्र वाढवून पाहिलं, आणि निकाल फिरला. गोळा आर्मिलारियाचा आहे. आत घुसलेली आहे ती एंटोलोमा. इतकी वर्षं जिला बळी म्हणून हळहळत होतो, तीच निघाली हल्लेखोर. नाव मात्र अजून तेच.

---

गवतफुला | १५ सप्टेंबर, रात्री ११.४२

आत्या, हे वाचून उडालेच! आमच्या ओरेगनात, पूर्वेकडच्या मालूर जंगलात, याच आर्मिलारियाची एक बहीण आहे. जमिनीखाली एकाच जिवाचं जाळं, सुमारे ९६५ हेक्टर. वय दोन हजार वर्षांच्या पुढचं मानतात. त्या घराण्याला कुणी असं उंड्यासारखं मळून ठेवत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

चिऊताई_सिंगापूर | १६ सप्टेंबर, सकाळी ७.०५

इथे चेंग थेंग नावाचं गोड सार मिळतं, लाँगन, खारका वगैरे घातलेलं. त्यात पांढरं, पारदर्शक, कुरकुरीत झालरीसारखं काहीतरी असतं. मी वर्षभर त्याला शेवाळ समजून खात होते. ते म्हणजे ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस, चिनी लोकांचा 'चांदीचा कान'. ही पण याच धाग्यातली. तिला लाकूड स्वतःहून धड पचवता येत नाही, म्हणून ती एका काळ्या बुरशीच्या तंतूंवर जगते. चीनमध्ये फूच्येन प्रांतात गुथ्येन नावाचा परगणा तिच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. तिथले शेतकरी दोन्ही बुरशांचं बियाणं मुद्दाम एकत्र कालवून पेरतात. त्या यजमान बुरशीला म्हणतात 'उदबत्तीच्या राखेची बुरशी', रंगावरून. चोर आणि सावकार दोघांना एकाच पिशवीत भरायचं आणि पीक चोराचं काढायचं.

---

सूक्ष्मदर्शक | १६ सप्टेंबर, दुपारी १२.४०

या धाग्यावर स्क्वामानिटा आलीच पाहिजे. बुरशीवाल्यांची फार लाडकी आणि फार दुर्मीळ. वर्षानुवर्षं कोडं होतं की हिच्या दांडीचा खालचा भाग वेगळाच का दिसतो. कोकणवाल्यांना एका वाक्यात सांगते: रायवळाच्या खुंटावर हापूसचं कलम. खाली यजमान अळंबीची दांडी, वर स्क्वामानिटाची दांडी आणि छत्री. यजमानाची छत्री गायब. कलमात आपण दोघांना जगवतो, इथे खुंट फक्त नावाला जगतो. बहुतेक जातींत यजमानाचा नुसता सुजलेला गड्डा उरतो, त्यामुळे ओळख पटत नव्हती. १९९४ मध्ये एका जातीचे असे नमुने हाती लागले की ज्यात यजमान अळंबी, गॅलेरिना, ओळखण्याइतकी शिल्लक होती. शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्या जातीला रोझेटा शिळा, म्हणजे कोडं उलगडणारी किल्ली, म्हटलंय.

ॲस्टेरोफोरा तर आणखी निर्लज्ज. युरोपात काळवंडत जाणारी एक रसूला आहे, तिच्या कुजत्या डोक्यावर ही छोट्या पांढऱ्या छत्र्यांची वसाहतच थाटते. छत्रीवर छत्री, उघड उघड. थोड्या दिवसांनी तिच्या टोपीचीच पिठी होऊन उडून जाते.

आणि 'एक की दोन' या प्रश्नावर: शेवंड अळंबीची जनुकीय तपासणी झाली आहे. केशरी रंग पूर्ण चढलेल्या अळंबीत रसूलाचा डीएनए नावापुरताच उरलेला सापडला. म्हणजे आकार रसूलाचा, ऐवज हायपोमायसीसचा. तुमच्या टोपलीत, ताई, दीड अळंबी होती असं म्हणा. तीही उदार मनाने.

---

मांडवीकाठ | १६ सप्टेंबर, रात्री ८.२५

आमच्या गोव्यात पावसात वारुळावरची ओळमी, म्हणजे अळंबी, येतात, त्यांची शागोती म्हणजे स्वर्ग. तुमच्या शेवंडीची शागोती होईल काय?

पण एक शंका. आत कोण होतं ते जर ओळखूच येत नाही, तर आत विषारी अळंबी नव्हती हे कशावरून?

---

गवतफुला | १६ सप्टेंबर, रात्री ९.५०

शंका एकदम रास्त. आजींनी हाच धडा सगळ्यात आधी दिला. ही केशरी जात रसूला आणि तिच्या नात्यातल्या दुधाळ अळंब्यांवरच चढते, आणि इथले लोक ती फार वर्षांपासून खाताहेत. तरी आजी शेजारी न झाकलेली पांढरी रसूला दिसल्याशिवाय टोपलीत टाकत नाहीत. मी तर त्यांनी हातात घेऊन पाहिल्याशिवाय घरीही आणत नाही.

हायपोमायसीसच्या बाकीच्या बहिणींच्या वाटेला मात्र जायचं नाही. हायपोमायसीस हायलायनस अमानिटावर चढते आणि तिचा पांढरा सोटा करून टाकते. अमानिटाच्या घराण्यातच जगातल्या सगळ्यात जहरी अळंब्या आहेत. दुसरी, क्रायसोस्पर्मस, बोलीटस अळंबीवर आधी पांढरी बुरी आणि मग सोनेरी पिवळी पूड पसरते. नावाचा अर्थच 'सोन्याचं बी'. दिसायला देखणी, खायला अजिबात नाही. आणि हे वाचून सह्याद्रीत कुणी रंगीत अळंबी तोंडात घालू नका, प्लीज.

शागोती केली नाही, खोबरं संपलं होतं. ब्रशने खाचांतली माती काढायला अर्धा तास गेला. जाड काप, लोणी, ठेचलेला लसूण, मंद आचेवर बराच वेळ. लोणी केशरी झालं, काश्मिरी मिरचीची फोडणी दिल्यासारखं. चव खोबऱ्याच्या कातळीसारखी गोडसर, किंचित समुद्राचा वास. नवरा म्हणाला, नाव सार्थ आहे. सालींच्या पाण्यात लोकरीचा धागा टाकला तर नारिंगी झाला, थोडा सोडा घातला तर जांभळट गुलाबीकडे वळला. इथल्या रंगारी बायका यासाठीच म्हाताऱ्या, किडक्या शेवंडी गोळा करतात.

---

बाबांची_लेक | १७ सप्टेंबर, रात्री १.१८

पहिल्यांदाच लिहितेय, नेहमी नुसती वाचते.

माझ्या बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं तेव्हा नवीन किडनी शरीराने नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरीन चालू होतं. आमचा दिवस त्या गोळ्यांच्या वेळांवर चालायचा. ते एका बुरशीपासून आलं एवढंच डॉक्टर म्हणाले होते. आज हा धागा वाचून शोधत बसले. टोलिपोक्लॅडियम नावाच्या त्या बुरशीची माती १९६९ साली सँडोज या औषध कंपनीचा एक कर्मचारी नॉर्वेतल्या पठारावर सुट्टीला गेला असताना घेऊन आला होता. तिच्याच घराण्यातल्या काही बुरशा जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल नावाच्या बुरशीवर जगतात म्हणे. या धाग्यात बसतं का माहीत नाही.

---

सूक्ष्मदर्शक | १७ सप्टेंबर, सकाळी ९.३०

बसतं, अगदी मधोमध बसतं. तुमच्या बाबांच्या गोळीतली बुरशी स्वतः किड्यांवर जगते, भुंग्याच्या अळीवर. तिची बहीण टोलिपोक्लॅडियम ऑफिओग्लॉसॉइड्स हरणं उकरून खातात त्या ट्रफलवर जगते. जमिनीतून काळ्या जिभेसारखी वर येते. खाली खणलं तर पिवळा दोरा ट्रफलपर्यंत पोचलेला. हे घराणं उत्तराखंडात अळीवर उगवणाऱ्या ज्या बुरशीला किडा जडी म्हणतात तिच्या नात्यातलं, म्हणजे मूळचे किडेखाऊ. २००० साली जपानी संशोधकांनी यांची वंशावळ मांडली. जमिनीत झाडांच्या मुळांशी सिकाडा नावाच्या किड्याची पिल्लं असतात आणि तिथेच ट्रफलही असतात. शेजार एक, म्हणून किड्यावरून उडी थेट बुरशीवर. प्राण्याच्या सृष्टीतून बुरशीच्या सृष्टीत. सिकाड्याच्या अंगावरही कायटिन आणि ट्रफलच्या भिंतीतही कायटिन, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं असावं, असं मला वाटतं.

बाबा कसे आहेत?

---

बाबांची_लेक | १७ सप्टेंबर, सकाळी ९.५५

बरे आहेत. आत्ता खाली भाजी आणायला गेलेत. आल्यावर वाचून दाखवते.

---

गवतफुला | १८ सप्टेंबर, रात्री १०.२०

एक शेवटचा प्रयोग. शेवंडीचा एक तुकडा काळ्या कागदावर ठेवून वर वाटी पालथी घातली होती. आज उचलली तर खाली पांढरी पूड. केशरी अळंबी आणि पांढरे बीजाणू. रसूला ब्रेव्हिपेसचे बीजाणूही पांढरेच असतात, त्यामुळे पाच मिनिटं वाटलं की रसूलाबाईने मरता मरता डाव साधला. मग आजींच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. रसूलाचे बीजाणू गोलसर आणि काटेरी असतात. हे चरख्याच्या चातीसारखे लांबट, दोन्ही टोकांना निमुळते निघाले. सगळेच्या सगळे हायपोमायसीसचे. रसूलाचा एकही सापडला नाही.

फोटो परत टाकलेत. इरसाल, आता बघ.

---

इरसाल_कार्टं | १८ सप्टेंबर, रात्री १०.२६

दिसले. पहिला फोटो नवऱ्याच्या ताटाचा आहे का? अळंबी कुठेय?